वाचलं होतं जी, पेपरात आठोलंच नाही

तिचं नाव लिहीत नाही. बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर ती सतराव्या ओळीत होती आणि मास्तर लोकांना पोरांच्या नावाआधी नंबर पाठ होतो, म्हणून इथेही ती सतरा नंबरच. कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि कागदोपत्री पंचवीस पोरापोरींचा मेंटॉर आहे. तिची बॅच २०२४-२५ ची, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम अंगावर घेणारी.

फेब्रुवारीत हिवाळी परीक्षेचा निकाल लागला. सतरा नंबरचे तीन विषय राहिले: रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतला एक विषय. त्यातला एक माझाच, त्यामुळे जरा जास्त लागलं. तिला बोलावलं. मान खाली घालून ती एवढंच म्हणाली, “वाचलं होतं जी सर, पेपरात आठोलंच नाही.”

हे वाक्य मी दर निकालाला ऐकतो. इतकी वर्षं त्याचा अर्थ ‘वाचलं नव्हतं’ असाच लावत आलो. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते यासाठी, की तिने खरंच वाचलं होतं.

घर आणि गाडी

गाव कॉलेजपासून २४ किलोमीटर. घरी चार एकर कोरडवाहू: कपाशी, तिच्यात तुरीचे तास, थोडं सोयाबीन. बाबा शेती करतात, आई घरचं आटोपून दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाते, धाकटा भाऊ नववीत. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, दहावी शेजारच्या गावात, दोन्ही मराठीतून. अकरावी-बारावी सायन्स जवळच्याच एका ज्युनिअर कॉलेजात. तिथे पोरं प्रॅक्टिकलपुरती दिसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. बारावीला ६३ टक्के. ते कसे मिळाले हेही तिने सरळ सांगितलं: अपेक्षित प्रश्नांचा संच, त्याची उत्तरं पाठ.

गावात एसटीची मुक्कामी गाडी असते. ती पहाटे पावणेसातला निघते आणि साडेसातला तालुक्याला पोचते. मुख्य विषयांचे वर्ग साडेबारापर्यंत. परतीची गाडी दीडला, प्रॅक्टिकल लांबलं तर ती चुकते, मग सव्वाचारची. या दोन गाड्या नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

सप्टेंबरात मी पंचवीस मेंटॉर फॉर्म भरून घेतले होते. निकालानंतर तिचा काढून पाहिला. ‘अडचणी’च्या रकान्यात ‘नाही’. ‘अभ्यास’च्या रकान्यात ‘नियमित’. खाली तिची सही, त्याखाली माझी. फाइल अगदी व्यवस्थित होती.

आधी जे केलं आणि चाललं नाही

निकालानंतर मी तेच केलं जे कोणताही मास्तर करतो: वेळापत्रक आखून दिलं. पहाटे चारला उठणे, सहापर्यंत अभ्यास, रात्री नऊ ते अकरा पुन्हा अभ्यास. छान रंगीत कागदावर लिहून दिलं. सहा दिवस चाललं. पहाटे पाणी भरणं आणि भाकरी तिच्याकडे, कारण आईला आठच्या आत वावरात पोचायचं असतं. रात्री नऊला घरातला एकमेव बल्ब ज्या खोलीत, तिथेच टीव्ही आणि तिथेच आजीचं अंथरूण. गावात ग्रामपंचायतीची अभ्यासिका आहे, पण तिथे पोलीस भरतीची पोरं रात्री उशिरापर्यंत बसतात. एकट्या पोरीने तिथे जावं असं घरच्यांना वाटत नाही, आणि तिलाही वाटत नाही.

दुसरा उपाय कॉलेजचा. राहिलेल्या पोरांसाठी उपचारात्मक वर्ग, दुपारी दोन ते तीन. यादीत चाळीस नावं, वर्गात सहा-सात डोकी. सगळी तालुक्याच्याच गावात राहणारी. म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग काढला ती पोरं दीडच्या गाडीने निघून गेलेली असायची. वर्ग दोनलाच का, हे विचारलं तर उत्तर मिळालं की त्या वेळी खोली रिकामी असते. खोली रिकामी असते ते खरंच होतं.

तिसरं, मी इंग्रजीला दोष दिला. तो अर्धा खरा निघाला, त्याबद्दल पुढे.

आठवड्याचा हिशेब

शेवटी तिला एक साधी वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर काय करतेस ते फक्त लिही, अर्ध्या-अर्ध्या तासाने. चांगलं-वाईट काही नाही, नुसतं लिहायचं. तिने प्रामाणिकपणे लिहिलं. वर्ग आणि प्रॅक्टिकल २२ तास. गाडीतला प्रवास ९ तास. स्टँडवर वाट पाहणं ८ तास. घरकाम आणि वावर मिळून २६. आणि घरचा अभ्यास १३ तास.

तेरा! मी चार-पाच धरून बसलो होतो.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे ३० तासांचं शिकणं धरलं आहे. वर्ग, प्रयोग, घरचं वाचन, सगळं मिळून. वीस क्रेडिटचं सेमिस्टर म्हणजे ६०० तास, ते पंधरा आठवड्यांत बसवले तर आठवड्याला ४०. सतरा नंबरचे २२ आणि १३ मिळून ३५ होत होते. चाळीसला पाच कमी, पण आळशी पोरीचा हा आकडा नव्हे.

अर्थात ही नोंद फेब्रुवारीची. कपाशीची फरदड (हंगाम संपल्यावरही वावरात ठेवलेलं पीक) उरली होती तरी वेचणी रविवारपुरतीच होती. (फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीला आयतं घर मिळतं, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. भाव बरा असला की लोक घेतातच.) पहिल्या सेमिस्टरचं गणित याहून वाईट असणार. प्रवेशच ऑगस्टपर्यंत रेंगाळले. मग पोळा, मग महालक्ष्म्या, मग सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळी. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून वेचणी सुरू झाली की घरातला प्रत्येक हात मोजला जातो, आणि हिवाळी परीक्षा नेमकी वेचणीच्या भरात येते. विद्यापीठाचं वेळापत्रक आणि वावराचं वेळापत्रक एकमेकांना कधी विचारत नाहीत.

पण तासांचा मुद्दा एवढ्यावरच सोडतो. कारण वहीचं खरं पान निराळंच होतं. त्या तेरा तासांत ती काय करत होती? तीन रजिस्टरं घेऊन आली. व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्सचे फोटो, झेरॉक्स, वर्गात उतरवलेलं, हे सगळं ती स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढत होती. मथळे लाल पेनने, बाकी निळ्याने, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीने रेघ. तीनशेच्या वर पानं. अक्षर इतकं देखणं की मला आधी कौतुकच वाटलं.

त्यातलं स्पायरोगायराचं पान काढलं. नाल्यात, डबक्यात तरंगणारं हिरवं बुळबुळीत शेवाळ ते. हे पान तिने दोनदा उतरवलेलं होतं. म्हटलं, रजिस्टर मिटव आणि या कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिही. पाच मिनिटांनी कागदावर मथळा, ‘फिलामेंटस’, ‘स्पायरल क्लोरोप्लास्ट’ आणि ‘कॉन्जुगेशन’. बस. शेवटच्या शब्दापुढे दोन टिंबं देऊन पेन थांबलेला.

“कॉन्जुगेशन म्हणजे काय होते?”

“लिवलं होतं जी दोनदा.”

“लिवलं ते खरं. होते काय?”

ती गप्प. आणि मला पहिल्यांदा समजलं की ती खोटं बोलत नव्हती. पान उघडं असताना तिला सगळं ओळखीचं वाटायचं. तोंडवळा ओळखीचा, नाव आठवत नाही, असं बाजारात एखाद्या माणसाचं होतं ना, तसं. परीक्षेत पान मिटलेलं असतं.

कोरं पान

याबद्दल संशोधन आहे आणि ते मला माहीतही होतं, फक्त मी ते कधी वर्गात नेलं नव्हतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा वाचून पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर उलटं: पुन्हा वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. यातला पहिला आकडाच फसवणारा आहे. पुन्हा वाचलं की त्या रात्री खरोखर जास्त येतं, म्हणून पोरं तेच करतात, आणि त्यात त्यांचा काय दोष? पेपर त्या रात्री नसतो एवढंच.

तर ठरलं असं. घरचं उतरवणं बंद. अगदी बंद. ती यावर नाराज झाली. तीनशे पानं म्हणजे तिच्या लेखी झालेलं काम होतं. त्याऐवजी स्टँडवरच्या वाट पाहण्यातली वीस मिनिटं: पाठकोऱ्या कागदावर सकाळच्या एका तासाचं आठवून लिहायचं, मराठीत, वऱ्हाडीत, चित्रात, कसंही. मग रजिस्टर उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. तोच विषय तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या पानावर, मग आठवड्याने. पाठकोरे कागद कॉलेजच्या कार्यालयात ढिगाने पडलेले असतात. एवढा खर्च.

स्टँड निवडायचं कारण सोपं आहे. तिच्या आठवड्यात कोणाचा हक्क नसलेला तोच वेळ होता. घरातला प्रत्येक तास कोणाच्या तरी कामाचा, पण गाडी येत नाही तोवर तिला कोणी हाक मारत नाही.

पहिल्या आठवड्यातली पानं जवळपास लालच होती. दुसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, “सर, हे नाही केलं तं नाही जमन का?” तिला हे स्वतःच्या मूर्खपणाचा रोजचा पुरावा वाटत होतं. उतरवण्यात असं काही दिसत नाही, तिथे पान नेहमी भरलेलंच असतं. इथे तिने सोडलं असतं. सोडलं नाही याचं श्रेय मला देता येत नाही. तिच्याच गाडीची बी.ए.ची एक पोरगी सोबत बसून आपला इतिहास आठवून लिहू लागली आणि दोघींची लाल पेनावरून चढाओढ लागली.

आता इंग्रजीचं. सतरा नंबर चार भाषांत शिकत होती. पुस्तक इंग्रजीत, माझी शिकवणी मराठीत, मोबाइलवरचे व्हिडिओ हिंदीत आणि घरचं बोलणं वऱ्हाडीत. तिची अडचण व्याकरणाची नव्हती. संज्ञा तिच्यासाठी नुसता आवाज होता. ‘झायगोस्पोर’ हा शब्द ती स्पेलिंगसकट पाठ करायची, जसा आपण मोबाइल नंबर पाठ करतो. मी तिला फळ्यावर लिहून दाखवलं: ‘झायगो’ ग्रीकमधला, मूळ ‘झायगॉन’, अर्थ जू. आपलंच जू, पोळ्याला धुऊन रंगवतो ते. भाषाशास्त्राच्या हिशेबाने दोन्ही शब्द एकाच कुळातले. दोन बैल जोडतं ते जू, दोन पेशींच्या संयोगातून तयार होतो तो झायगोस्पोर. कॉन्जुगेशन म्हणजे हाच संयोग. आणि ‘स्कॅलरिफॉर्म’ म्हणजे शिडीसारखं: शेवाळाचे दोन धागे शेजारी, मधे नळ्यांचे आडवे दांडे, एका धाग्यातला ऐवज त्यातून दुसऱ्यात जातो.

तिने कागद घेतला आणि शिडी काढली. दांड्यांसकट, बाणासकट. मग स्वतःशीच म्हणाली, “मंग हे तं सोपं आहे.”

त्यानंतर शब्दांची वेगळी छोटी वही सुरू झाली. एका पानावर तीनच शब्द: शब्द, त्याची फोड, आपल्या गावातली त्याची एक ओळख किंवा चित्र. ‘ट्रायकोम’ (वनस्पतीच्या सालीवरचा केस) समोर तिने कापसाचं बोंड काढलं होतं. सरकीच्या सालीवरचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी असते, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा ती म्हणे थबकली होती. लहानपणापासून वेचला, पण तो पेशींचा ढीग आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

ओपन इलेक्टिव्हचं दुखणं हास्यास्पद निघालं. नव्या धोरणात हा विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो. तिला वाणिज्यचा मिळाला होता. त्याचा तास साडेबारानंतर, म्हणजे गाडीच्या तोंडावर, आणि त्याचा स्वतंत्र पेपर असतो हे तिला नोव्हेंबरपर्यंत समजलंच नव्हतं. घरात विचारायला कोणी नाही. वर्गात विचारलं तर हसतील. आम्ही प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रक दिलं होतं, नऊ पानांचं, मेजर-मायनर आणि क्रेडिटच्या तक्त्यांचं. ते मलाच दोनदा वाचावं लागतं.

बाबा आले तेव्हा

मार्चमध्ये तिचे बाबा बाजाराच्या दिवशी आले. फोनवर या म्हटलं तर धसका घेतात, म्हणून बाजाराचा दिवस. स्टाफरूममध्ये बसायला तयार होईनात, दारातच उभे.

“सर, पोरगी रातभर पुस्तक घेऊन बसते जी. मी सोता पायतो. मंग नापास कायले झाली?”

या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच घरांत ‘डोकं नाही’ असं दिलं जातं आणि मग पुढच्या उन्हाळ्यात लग्न ठरतं. मी त्यांना कोऱ्या पानांचा गठ्ठा दाखवला, फेब्रुवारीचं आणि मार्चचं शेजारी ठेवून. लाल कुठे कमी झालं ते त्यांना वाचता न येणाऱ्या इंग्रजीतही दिसत होतं. त्यांनी दोन्ही पानं उलटीसुलटी पाहिली. म्हणाले, “म्हणजे पयले पेरनी चुकत होती.”

मागणी मी एकच केली: पेपरच्या आधीचे तीन आठवडे वावरात न्यायचं नाही. उन्हाळी परीक्षेसाठी ते लगेच हो म्हणाले, एप्रिल-मेमध्ये तसंही वावरात काम थोडं. हिवाळीचं विचारलं तर म्हणाले, “मजूर भेटला तं. नाही भेटला तं कसं करू, तुमीच सांगा.” मला सांगता आलं नाही.

शिष्यवृत्तीचं कामही त्याच दिवशी मार्गी लागलं. महाडीबीटीचा अर्ज केवळ बँक खातं आधारला जोडलेलं नसल्याने अडकला होता. एका फेरीचं काम, पण ती फेरी म्हणजे बाबांचा एक दिवस.

उपचारात्मक वर्गाचं मी प्राचार्यांना सांगितलं. वर्ग दोनऐवजी साडेबारा ते सव्वा झाला, माझ्याच प्रयोगशाळेत, कारण ती रिकामी ठेवणं माझ्या हातात होतं. उपस्थिती सहा-सातवरून सतरा-अठरावर गेली. शिकवणी तीच होती, मास्तरही तेच.

निकाल आणि त्यावर माझीच शंका

उन्हाळी परीक्षेत दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय निघाले, काठावर का होईना. पहिल्या सेमिस्टरचे राहिलेले वनस्पतिशास्त्र आणि ओपन इलेक्टिव्हही निघाले. रसायनशास्त्र राहिलं.

हे कोऱ्या पानाचं यश म्हणून मी एका बैठकीत सांगून मोकळा झालो होतो. नंतर घरी विचार केला तर तेवढं सरळ वाटेना. उन्हाळी परीक्षेत वेचणी नव्हती. बाबांनी तीन आठवडे सोडले होते. शिष्यवृत्ती आल्यावर रसायनाचं एक बरं पुस्तक घेतलं होतं. ओपन इलेक्टिव्ह तर तासाला बसल्यानेच निघालं असावं. एका पोरीवरून कशाचा वाटा किती ते सांगता येत नाही. वनस्पतिशास्त्राबाबत मी जरा ठाम आहे, कारण तिची उत्तरपत्रिका नव्हे तरी तिची पानं मी दर आठवड्याला पाहत होतो. शिडीचं चित्र ती ऑगस्टमध्येही न बघता काढत होती. खरी कसोटी तिसऱ्या सेमिस्टरची, भर वेचणीतली. ती परीक्षा तिने दिली. पेपरच्या आधीच्या तीन आठवड्यांपैकी नऊ दिवस ती वावरातच होती. मजूर भेटला नाही.

रसायनशास्त्राचं दुखणं वेगळंच आहे आणि कोऱ्या पानाने ते सुटलं नाही. आठवून लिहिण्यासारखं तिथलं बरंच तिला येतं. अडते ती गणितांवर. दहावीनंतर गणित सोडलं, बारावीला जीवशास्त्राचा गट. गुणोत्तर, दशांश, लॉग, सगळं गंजलेलं. त्यात रसायनशास्त्राचे सर तासिका तत्त्वावरचे, नेमणूक येईपर्यंत सेमिस्टरचे दीड-दोन महिने गेलेले असतात. यंदाचे सर मात्र साडेबाराच्या वर्गात स्वतःहून येतात. त्यांनी द्रावणाची संहती फवारणीच्या पंपावरून शिकवायला घेतली: पंधरा लिटरच्या पंपात किती मिली औषध, अर्धाच पंप भरला तर किती, औषध दुप्पट तीव्र असलं तर किती. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून हा हिशेब घरोघर जपून होतो. सतरा नंबर तो तोंडी करते, माझ्याहून लवकर. त्या वाटेने ‘डायल्युशन’ची, म्हणजे द्रावण पातळ करण्याची, गणितं तिला आता येतात.

मोल, म्हणजे रेणू मोजायचं एकक, मात्र पंपात बसत नाही. रेणू मोजायचे म्हणजे नेमकं काय मोजायचं, यापाशी ती दर वेळी थांबते आणि सरांनाही अजून गावातली उपमा सापडलेली नाही. मागच्या मंगळवारी त्यांनी सरकीचे दाणे आणि तराजू आणून पाहिला. दीडची गाडी लागली होती, म्हणून अर्धवटच राहिलं.